डिझेलचा धक्का, पेट्रोलची धाव

2013 साली फोक्सवॅगनने चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या पोलो गाडीच्या दोन ‘जीटी’ आवृत्त्या भारतीय बाजारात आणल्या. एकीच्या बॉनेटखाली 1.2 लिटरचे टर्बो (म्हणजे धुराच्या झोतावर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा कोंबणारा पंखा असलेले) पेट्रोल इंजिन होते, तर दुसरीच्या बॉनेटखाली 1.6 लिटरचे टर्बो डिझेल इंजिन, ज्याची जागा पुढच्या वर्षी 1.5 लिटरच्या डिझेल इंजिनाने घेतली. सांगाडा एक, आसने एक आणि गंमत म्हणजे कमाल शक्तीही एकच, 105 पीएस (पीएस म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती). फरक होता तो टॉर्कमध्ये, म्हणजे इंजिनाच्या दांड्याला मिळणाऱ्या पिळात. पेट्रोल इंजिन 175 न्यूटन-मीटर टॉर्क देत असे, तर डिझेल 250. या दोन गाड्या ज्यांनी पाठोपाठ चालवल्या त्यांतील बहुतेकांना डिझेल गाडी कितीतरी जोरकस वाटली, आणि ‘टॉर्क जास्त म्हणून गाडी जोरात पळते’ असे त्याचे सोपे स्पष्टीकरणही लगेच दिले गेले. हे स्पष्टीकरण अर्धेच खरे आहे.

इंजिनाची शक्ती म्हणजे टॉर्क आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार. विहिरीवर पाणी ओढणारे दोन गडी असावेत, एकाने मोठी बादली सावकाश ओढावी आणि दुसऱ्याने लहान बादली भराभर ओढावी, तर तासाभरात दोघांनी उपसलेले पाणी सारखेच भरू शकते. टॉर्क म्हणजे बादलीचा आकार आणि शक्ती म्हणजे तासाभरात उपसलेले पाणी. गाडीला पुढे ढकलणारे बल इंजिनाच्या टॉर्कवर थेट अवलंबून नसते, कारण मध्ये गिअरबॉक्स असतो आणि तो टॉर्कची हवी तशी वाढ-घट करतो. डिझेल इंजिन सावकाश फिरते म्हणून त्याला ‘लांब’ गिअर, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यात चाके अधिक फिरवणारे गिअर, द्यावे लागतात, आणि इंजिनात कमावलेल्या जादा टॉर्कचा बराचसा भाग तिथेच खर्ची पडतो. एखाद्या ठरावीक वेगाला, चाकांपर्यंत पोचणारी शक्ती सारखी असेल तर ढकलणारे बलही सारखेच असते, मग टाकीत कोणतेही इंधन असो.

मग जो फरक अंगाला जाणवतो तो कुठून येतो? उत्तर कमाल आकड्यांत नाही, ते आकडे इंजिनाच्या कोणत्या फेऱ्यांवर मिळतात यात आहे. पोलोच्या डिझेल इंजिनाचा 250 न्यूटन-मीटर टॉर्क मिनिटाला 1,500 ते 2,500 फेऱ्यांच्या पट्ट्यात मिळत असे आणि 105 पीएस शक्ती 4,400 फेऱ्यांवर. पेट्रोल इंजिनाचा 175 न्यूटन-मीटर टॉर्क 1,500 पासून थेट 4,100 फेऱ्यांपर्यंत टिकून राही आणि कमाल शक्ती 5,000 फेऱ्यांवर येई. यावरून थोडे गणित करता येते. 1,500 फेऱ्यांवर डिझेल सुमारे 53 पीएस देते, पेट्रोल सुमारे 37. 2,500 फेऱ्यांवर डिझेल 89 वर पोचलेले असते, पेट्रोल 62 वर. म्हणजे पहिल्या हजार फेऱ्यांत डिझेलच्या हाती 36 पीएसची भर पडते. पुढे मात्र 2,500 ते 4,400 या तब्बल 1,900 फेऱ्यांत त्याची शक्ती 89 वरून 105 वर, म्हणजे फक्त 16 पीएसने वाढते, कारण फेरे वाढतात तसा टॉर्क घसरत जाऊन शेवटी 168 न्यूटन-मीटरच्या आसपास येतो. पेट्रोल इंजिन याच्या उलट वागते. 1,500 पासून 4,100 पर्यंत दर हजार फेऱ्यांमागे सुमारे 25 पीएस, अशा एकसारख्या चढणीने ते 102 पीएसपर्यंत जाते.

डिझेलच्या सगळ्या स्वभावाची गुरुकिल्ली या आकड्यांत आहे, असे मला वाटते. ॲक्सिलरेटर दाबला की टर्बो जागा होईपर्यंत क्षणभर काहीच घडत नाही, मग एकाएकी पाठ आसनाला चिकटते, आणि हा जोर पुरता अनुभवायच्या आतच तो ओसरू लागतो व वरचा गिअर टाकावा लागतो. आपल्या आतल्या कानातील वेगबदल टिपणारी इंद्रिये आणि आसनावर टेकलेली पाठ यांना स्थिर त्वरणापेक्षा त्वरणातला अचानक बदल अधिक तीव्रतेने कळतो. ज्या गाडीचा जोर शून्यातून उसळतो ती, तेवढाच जोर सलग देणाऱ्या गाडीपेक्षा, वेगवान भासते. टर्बो लॅग, म्हणजे टर्बो जागा होईपर्यंतचा हा विलंब, दोष असला तरी डिझेलच्या रोमांचात त्याचाच मोठा वाटा आहे, हे डिझेलच्या चाहत्यांना फारसे रुचत नाही.

डिझेलला हा खालच्या फेऱ्यांतला दम मिळतो तो त्याच्या जळण्याच्या पद्धतीमुळे. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण आधीच तयार असते, ते साधारण दहापट दाबले जाते आणि मग स्पार्क प्लगची ठिणगी ते पेटवते. दाब याहून फार वाढवला, किंवा टर्बोने कमी फेऱ्यांवर फार हवा कोंबली, तर ठिणगीने पेटलेली ज्योत पोचण्याआधीच उरलेले मिश्रण आपणच पेटते. त्याला नॉकिंग म्हणतात आणि ते इंजिनाच्या जिवावर बेतते. डिझेल इंजिनात दाबली जाते ती नुसती हवा, तीही 16 ते 18 पट. अशी दाबलेली हवा इतकी तापते की अगदी शेवटी फवारलेले इंधन तिच्या उष्णतेनेच पेट घेते. दाबताना सिलिंडरमध्ये इंधनच नसल्यामुळे नॉकिंगची ती मर्यादा डिझेलला लागू होत नाही आणि टर्बो कमी फेऱ्यांवरही मनमुराद हवा भरू शकतो. रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन 1897 साली ऑग्सबर्ग येथे यशस्वीपणे चालले तेव्हा त्याची कार्यक्षमता 26 टक्क्यांच्या आसपास होती, आणि त्या काळच्या इतर इंजिनांच्या मानाने ती थक्क करणारी होती. त्यामागेही हीच उच्च दाबाची युक्ती होती.

याच युक्तीची किंमत वरच्या फेऱ्यांत चुकवावी लागते. फवारलेल्या थेंबांनी फुटायचे, वाफ व्हायचे, हवेत मिसळायचे आणि मग जळायचे, या सगळ्याला वेळ लागतो, आणि मिनिटाला साडेचार-पाच हजार फेऱ्यांच्या पुढे तो वेळ उरतच नाही. शिवाय प्रचंड दाब सोसण्यासाठी पिस्टन, कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्ट दणकट, म्हणून जड असावे लागतात, आणि जड भाग भराभर वर-खाली नाचवता येत नाहीत. कॉमन रेल, म्हणजे सगळ्या सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून इंधन पुरवण्याच्या पद्धतीने ही अडचण बरीच सौम्य केली. 1997 साली अल्फा रोमिओ 156 मधून ती प्रवासी गाड्यांत आली. तिच्यामुळे इंधन वातावरणाच्या हजाराहून अधिक पट दाबाने, आणि एकाच चक्रात अनेक हप्त्यांत फवारता येऊ लागले. मुख्य फवाऱ्याआधी टाकलेल्या इवल्याशा हप्त्यामुळे सिलिंडरमधला दाब एकदम न उसळता चढत जातो. जुन्या डिझेल गाड्यांचा ट्रॅक्टरसारखा खडखडाट आजच्या गाड्यांत का नाही, याचे कारण मुख्यतः हेच.

आवाजाचा मुद्दा चालवण्याच्या आनंदात वाटतो त्याहून मोठा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन स्फोट होतात, म्हणजे 2,000 फेऱ्यांवर सेकंदाला सुमारे 67 आणि 6,000 फेऱ्यांवर 200. पेट्रोल इंजिन चढत्या स्वरात गाते आणि चालकाला आपण कुठवर आलो हे कानांनीच कळते. डिझेलची स्वरपट्टी आखूड, खर्जातली. ऑडीची साडेपाच लिटरची, बारा सिलिंडरची आर10 टीडीआय 2006 साली फ्रान्समधील ल मांची 24 तासांची शर्यत जिंकणारी पहिली डिझेल गाडी ठरली. 650 पीएसहून अधिक शक्ती आणि 1,100 न्यूटन-मीटरहून अधिक टॉर्क असलेली ही गाडी शर्यतीच्या गाड्यांच्या मानाने विलक्षण शांत होती. तिने पुढची दोन वर्षेही ती शर्यत जिंकली. डिझेल म्हणजे मालवाहू इंजिन, हा समज मोडायला याहून मोठा पुरावा नको होता. पण प्रेक्षकांचे कान मात्र उपाशीच राहिले.

रस्त्यावरचा खरा कस आपल्याकडे घाटात लागतो. पोलादपूरहून महाबळेश्वरकडे आंबेनळी घाट चढताना समोर ट्रक असला की वेग वीस-पंचवीसवर येतो, मग एखादा सरळ तुकडा दिसतो आणि तेवढ्यात ओव्हरटेक उरकायचे असते. फेरे दोन हजारांच्या आसपास असतील तर डिझेल गाडी त्याच गिअरमध्ये उचलते, कारण तिथे तिच्याजवळ 71 पीएस हजर असतात. त्याच फेऱ्यांवर पेट्रोलकडे 50 असतात, म्हणून गिअर खाली आणावा लागतो. तो आणला की पेट्रोल मुळीच मागे राहत नाही. पोलो जीटी पेट्रोलला सात गिअरचा, दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होता आणि हे काम तो चालकाच्या आधीच करत असे, तर डिझेलला पाच गिअरचा मॅन्युअल होता. त्यामुळे या दोन गाड्यांच्या तुलनेत इंजिनाइतकीच गिअरबॉक्सचीही तुलना मिसळलेली आहे, हे विसरता कामा नये. डिझेल चालकाची दुसरी अडचण तीव्र वळणावर येते. दुसऱ्या गिअरमध्ये फेरे 1,500 च्या खाली गेले की टर्बो झोपतो, इंजिन गचके देऊ लागते आणि पहिला गिअर टाकावा तर तो फारच आखूड पडतो.

वळणांवर वजनही बोलते. डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या चाकांवरचा भार वाढतो आणि वळताना गाडीचे नाक थोडे बाहेर ओढले जाते. पेट्रोल गाडी स्टिअरिंगचे लवकर ऐकते. पावसाळ्यात ओल्या रस्त्यावर डिझेलचा टॉर्क एकदम आला की पुढची चाके जागीच फिरतात, तेव्हा उजवा पाय आवरावा लागतो.

उतारावर चित्र पुन्हा बदलते. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर एक झडप असते. ॲक्सिलरेटर सोडला की ती मिटते, पिस्टनना जवळजवळ बंद नळीतून हवा ओढावी लागते आणि त्या ओढाताणीत गाडीचा वेग खर्ची पडतो. डिझेलमध्ये जोर कमी-जास्त होतो तो इंधनाच्या मात्रेने, हवा मोकळीच येते आणि दाबलेली हवा पुढच्याच धावेत पिस्टनला बरीचशी ऊर्जा परत देते. अवजड ट्रकांना धुराची वाट अडवून वेग कमी करणारा एक्झॉस्ट ब्रेक वेगळा का बसवावा लागतो, ते यावरून ध्यानात येईल. अर्थात डिझेलच्या दणकट भागांचे घर्षण जास्त असल्याने छोट्या गाडीत हा फरक थोडा भरून निघतो. हीच मोकळी हवा सपाट रस्त्यावर डिझेलच्या फायद्याची ठरते, कारण कमी जोरावर चालताना झडपेशी झगडण्यात ऊर्जा वाया जात नाही. डिझेल ‘ॲव्हरेज’ जास्त देते त्यामागे हे एक कारण, उच्च दाबाची कार्यक्षमता हे दुसरे, आणि एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के अधिक ऊर्जा असते हे तिसरे, ज्याचे श्रेय इंजिनाला देता येत नाही.

जोरदार पण छोट्या डिझेल गाड्यांचा अंत मात्र चालकांच्या आवडीनिवडीने झाला नाही. जास्तीची हवा आणि उच्च तापमान यांमुळे डिझेलच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात आणि ती आवरणारी यंत्रणा महाग असते. सप्टेंबर 2015 मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनची लबाडी उघड केली. चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवणारे सॉफ्टवेअर गाड्यांत होते. जगभरातल्या सुमारे 1 कोटी 10 लाख गाड्या त्यात सापडल्या आणि भारतात त्याच वर्षअखेरीस सुमारे 3 लाख 23 हजार गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याची घोषणा झाली. 1 एप्रिल 2020 पासून धुराच्या प्रदूषणाबाबतची बीएस-6 मानके लागू होताच फोक्सवॅगन आणि मारुती यांनी भारतात डिझेल इंजिने बंद केली.

दरम्यान पेट्रोल इंजिनांनी डिझेलचे गुण उचलले. सिलिंडरमध्ये थेट फवारलेले पेट्रोल बाष्प होताना आतली हवा थंड करते, त्यामुळे नॉकिंगचा धोका घटतो आणि कमी फेऱ्यांवरही टर्बोकडून अधिक काम करून घेता येते. फोक्सवॅगनच्या टायगुन आणि व्हर्टस या गाड्यांतले 1.5 लिटरचे टीएसआय, म्हणजे अशा थेट फवारणीचे टर्बो पेट्रोल, इंजिन 250 न्यूटन-मीटर टॉर्क 1,600 ते 3,500 फेऱ्यांच्या पट्ट्यात देते, म्हणजे पोलो डिझेलइतकाच, पण जवळजवळ दुप्पट रुंद पट्ट्यात, आणि वर 150 पीएस शक्तीही. कमी जोरावर ते चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवते, म्हणजे उरलेल्या दोघांची झडप अधिक उघडावी लागते आणि हवेशी होणारा झगडा कमी होतो. छोट्या गाडीत डिझेल हवेच, असे म्हणायला मला आता कारण दिसत नाही.

मोठ्या एसयूव्हीत मात्र निकाल इतका सोपा नाही. महिंद्राच्या एक्सयूव्ही700 मध्ये 2 लिटरचे पेट्रोल इंजिन 200 पीएस आणि 380 न्यूटन-मीटर देते, तर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असलेले 2.2 लिटरचे डिझेल 185 पीएस आणि 450 न्यूटन-मीटर. मोकळ्या रस्त्यावर पेट्रोल सरस ठरते. पण सात माणसे आणि सामान घेऊन भर उन्हात लांब चढण चढायची असेल, तर टर्बो पेट्रोल इंजिनाला नॉकिंग टाळण्यासाठी ठिणगी उशिरा टाकावी लागते आणि त्यासाठी मिळणाऱ्या कामाचा काही भाग सोडून द्यावा लागतो. डिझेलला तसली तडजोड करावी लागत नाही.