वजन उतरवणं वेगळं, उतरलेलं टिकवणं वेगळं

जळगावच्या मेहरूण तलावावर चकरा मारणारे कितीतरी जण म्हणतात, भाऊ तीन महिने झाले रोज चालतोय पण काटा हलत नाही. चालण्याने बीपी, शुगर, झोप सुधारते हे सगळ्यांना माहितीये, ते सोडा. हिशोब बघा. 70 किलोचा माणूस तासभर झपझप चालला तर साधारण 250 ते 300 कॅलरी जातात, त्यातल्या 70 एक तर घरी बसूनही गेल्याच असत्या. आणि शेवभाजीतली नुसती 50 ग्रॅम शेव घेतली तरी 270 च्या आसपास होतात, वरच्या तर्रीत तेलाचा एकेक मोठा चमचा 120 चा, म्हणजे सकाळचा तास दुपारच्या पहिल्या वाटीतच गेला. वजन उतरवायचं तर आधी ताटातच हात घालावा लागतो.

घामाचं तर बोलूच नका, मे महिन्यात जळगावात नुसतं उभं राहिलं तरी शर्ट भिजतो, ते पाणी असतं, चरबी नाही.

मग लगेच दुसरं टोक, "म्हणजे व्यायाम फुकटच ना?" याचाच मला जास्त राग येतो. पोटाला चिमटा काढून सहा किलो उतरवले तर त्यात चरबीसोबत थोडे स्नायूही जातात, हलक्या झालेल्या शरीराला आधीपेक्षा कमी खाणं पुरतं आणि भूक मात्र उलट वाढते, मग आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आमरस आणि खापरावरची पुरणपोळी समोर आली की गाडी परत मूळ पदावर. इथं व्यायाम कामाला येतो. वजन उचलणं, दंड-बैठका यांनी स्नायू राखले जातात, आणि रोजच्या चालण्याने तेवढं जास्तीचं खाणं पचवायला जागा राहते. ज्यांचं उतरलेलं वजन वर्षानुवर्षं टिकतं ते बहुतेक नियमित हालचाल करणारेच असतात. माझं ठाम मत, डाएट सुरू केलं त्याच आठवड्यात बैठकाही सुरू करा, वजन उतरल्यावर बघू म्हणू नका.

भरीत बंद करायची काही गरज नाही, वांगं भाजलेलंच असतं, फोडणीचं तेल तेवढं मोजून घाला आणि सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी घ्या, उडदामुळे पोट भरल्यासारखं राहतं. आणि केळ्याला उगाच बदनाम करू नका राव, एका मध्यम केळ्यात जेमतेम 100 कॅलरी असतात, तळलेल्या वेफर्सची गोष्ट वेगळी.