नागपुरात जीप 'बनवतात': जुन्या गाड्यांच्या नादामागचा इतिहास

नागपुरात कोणाच्या दारात जुनी जीप उभी दिसली की बघणारा आधी विचारतो, "कुठं बनवली भाऊ?" केवढ्याला घेतली, हे नंतर. आमच्याकडे जीप घेणं आणि जीप बनवणं ही दोन वेगळी कामं मानतात आणि खरं कौतुक दुसऱ्याचं असतं. आता तरुण पोरं रुंद टायर, विंच (फसलेली गाडी ओढून काढायचं यंत्र), एलईडी पट्टी लावून मध्य प्रदेशातल्या तामिया-पातालकोटला निघतात आणि त्याला 'मॉडिफिकेशन' म्हणतात. ते शहरात नव्यानं आलेलं फॅड आहे असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. ही विद्या इथं पन्नासेक वर्षांपासून आहे. ती हौसेतून आली नाही, दुरुस्तीतून आली.

आमच्याच गाडीचं घ्या. आरसी बुकात ती 1974ची सीजे-थ्रीबी मॉडेलची जीप आहे. बॉडी आणि चासी तेव्हाची. इंजिन मात्र डिझेलचं, मूळच्या पेट्रोल इंजिनाच्या जागी ऐंशीच्या दशकात बसवलेलं. रेडिएटर त्याहून नंतरचा, स्टेअरिंग बॉक्स आणखी नंतरचा. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, दोनदा बदललेले. एकाच गाडीत चार दशकं राहतात आणि त्यातला एकेक बदल त्या-त्या काळच्या अडचणीनं करायला लावला आहे.

गोष्ट दुसऱ्या महायुद्धापासून सुरू होते. अमेरिकी सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. बॅण्टम कंपनीनं 1940 साली पहिला नमुना दिला, पण मोठ्या संख्येनं गाड्या बांधल्या त्या विलीज आणि फोर्डनं. युद्ध संपताच, 1945 मध्ये, विलीजनं तीच गाडी शेतकऱ्यांसाठी 'सिव्हिलियन जीप' म्हणून बाजारात आणली. सीजे ही अक्षरं तिथली. त्याच वर्षी आपल्याकडे महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि 1948 मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. मुंबईत माझगावला सुटे भाग जोडून पहिली जीप 1949 साली तयार झाली. पुढे पन्नासच्या दशकात विलीजशी करार होऊन भाग इथंच बनू लागले.

सीजे-थ्रीबीचं बॉनेट एवढं उंच का, हे पोरं हमखास विचारतात. विलीजनं 1953च्या या मॉडेलात 'हरिकेन' नावाचं 2199 सीसीचं पेट्रोल इंजिन घातलं. त्याचा हवा-पेट्रोल आत घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये असतो. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि त्याच्यावर बॉनेटही उंच करावं लागलं. आज पुष्कळ जण ते कापून 'लो बॉनेट' करून घेतात, कारण युद्धातली जीप तशी दिसायची. करणाऱ्यानं करावं, पण ज्या उंच बॉनेटनं भारतातली खेडी पाहिली ते कापताना मला हळहळ वाटते.

जीप नागपूरला आली ती सरकारी गाडी म्हणून. 2 ऑक्टोबर 1952 रोजी सामुदायिक विकास योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यात 'बीडीओची (गटविकास अधिकाऱ्याची) जीप' हा शब्द रुळला. नागपूर तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाडातून झालेल्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, 1956 पर्यंत. वन खातं, पाटबंधारे, बांधकाम, सगळ्यांना पक्क्या सडकेपलीकडे जायचं असे. पांदण रस्त्यानं पावसाळ्यात गेलेल्यालाच काळ्या मातीचा अर्थ कळतो. चार पावलं चाललं की चपलेला शेर-शेर माती लागते. चाकाचंही तसंच होतं. खाचा भरतात, टायरचा गुळगुळीत रूळ होतो आणि मग मागच्या दोन चाकांवर कुठलीच गाडी निघत नाही.

सरकारी गाडी म्हातारी झाली की तिचं निर्लेखन होतं, म्हणजे ती बाद ठरवून लिलावात काढतात. खासगी माणसाच्या हाती जीप आली ती बहुतेक या वाटेनं. दुसरी वाट लष्कराची. कामठीची छावणी 1821 पासूनची, आणि उत्तरेला 270 किलोमीटरवर जबलपूर. तिथंच 'जोंगा' बांधली जायची. 'निस्सान पॅट्रोल' या जपानी गाडीवरून घेतलेली, सहा सिलिंडरची, चार लिटरची पेट्रोल गाडी. नाव जबलपूरच्या आयुध कारखान्यांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं. लष्करानं बाद केलेल्या जोंगा लिलावातून बाहेर आल्या. ताकद भरपूर, पण पेट्रोल एवढं पिणार की शेतकऱ्याला परवडणार नाही. मग पुढं काय होणार ते ठरलेलंच होतं: इंजिन उतरवा, डिझेल चढवा.

माझ्या मते नागपूरच्या जीपची खरी गोष्ट इथं सुरू होते. 1973च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागलं आणि डिझेल बरंच स्वस्त राहिलं. लिलावातली जीप स्वस्तात मिळायची, पण चालवणं महाग पडायचं. त्याच सुमारास विदर्भात ट्रॅक्टर वाढत होते. महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांच्या भागीदारीतल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचा बी-275 ट्रॅक्टर 1965 पासून शेतात होता. 1977 मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. महिंद्राचा ट्रॅक्टर कारखाना आपल्या हिंगणा एमआयडीसीतही आहे. पुढे कंपनीनं ट्रॅक्टरच्या याच इंजिनाच्या घराण्यातून जीपसाठी डिझेल इंजिनं बेतली. 'एमडीआय' म्हणतात ती. 2010 साली थार आली तेव्हा तिच्या साध्या डीआय मॉडेलातलं 2523 सीसीचं इंजिनही याच एमडीआय कुळातलं होतं.

याचा परिणाम शहरातल्या गॅरेजांत दिसतो. ट्रॅक्टर खोलणाऱ्या मिस्त्रीला जीप खोलायला वेगळं शिकावं लागलं नाही. पिस्टन, रिंगा, नोझल, पंप यांचं कसब त्याच्या हातात होतंच. सुटा भाग तालुक्याच्या गावीही मिळायचा. कंपनीनं 1979 मध्ये फ्रान्सच्या प्यूजोशी करार करून 2112 सीसीचं 'एक्सडीपी' डिझेल आणलं आणि ते इगतपुरीला बनू लागलं. चालायला ते अधिक मऊ होतं. पण थंडीत त्याला आधी हीटर द्यावा लागायचा. ट्रॅक्टरच्या कुळातलं इंजिन हीटरशिवाय सेल मारताच उठायचं. आवाज दणदण करणारा असला तरी कास्तकाराला तेच जवळचं वाटलं.

आमच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे थोरल्या काकांनी, जीपचं इंजिन बदललं ते याच विचारानं. कामठी रोडवरच्या एका मिस्त्रीकडे गाडी तीन आठवडे होती. इंजिन नुसतं उचलून ठेवलं असं होत नाही. जुन्या गिअरबॉक्सला नवं इंजिन जुळावं म्हणून मध्ये जाड लोखंडी प्लेट लेथवर कातून घ्यावी लागते. तिची भोकं केसभर सरकली तर क्लच थरथरतो आणि गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं. डिझेल इंजिन जड, म्हणून पुढच्या पाट्यांत एक पान वाढवावं लागतं. माउंटिंग नवे वेल्ड करावे लागतात. आणि विलीजच्या डिफरन्शियलचं प्रमाण 5.38, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे 5.38 फेरे, ते चपळ पेट्रोल इंजिनासाठी ठरवलेलं. डिझेल इंजिन तेवढं फिरत नाही. त्यामुळे बदल केल्यावर गाडी पन्नासच्या पुढं ओरडायला लागते. मिस्त्रीनं मोठ्या बाबांना तेव्हाच सांगितलं होतं, "भाऊ, वढन तं बैलावानी, पण पळन नाही." पुढे दुसऱ्या गाडीची क्राउन-पिनियन (हे प्रमाण ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) मिळेपर्यंत ती तशीच चालली. असे बदल शेकडो गाड्यांत झाले, कुठल्याही नकाशाशिवाय, मापं घेऊन आणि हातानं घासून. आजच्या मॉडिफिकेशनचं व्याकरण इथं तयार झालं.

दुसरी अडचण उन्हाची. मे महिन्यात पारा 45-46वर असतो. पेट्रोल जीपचा पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला, त्यात पेट्रोलची वाफ धरते आणि भर रस्त्यात गाडी बंद पडते. उपाय एकच होता. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि सावलीत बसायचं. त्यासाठी आणि प्यायलाही पुढच्या बंपरला किरमिचाची (कॅनव्हासची) छागल, म्हणजे पाण्याची पिशवी, टांगलेली असायची. पाणी झिरपून वाऱ्यानं गार होत राहायचं. मिस्त्रींनी मग रेडिएटरच्या नळ्यांच्या रांगा वाढवल्या, चार पात्यांच्या पंख्याऐवजी सहा पात्यांचा लावला, पंख्याभोवती पत्र्याचा गाळा बसवला. माझ्या मते हा विदर्भातल्या जीपमधला सगळ्यात शहाणा बदल आहे. आज रुंद टायरवर पैसे घालणाऱ्यानं आधी रेडिएटर पाहावा.

लांबवलेल्या जीपची गोष्ट थोडक्यात सांगतो. 1991ची कमांडर आणि तिच्या भावकीतल्या गाड्या काळी-पिवळी होऊन तालुक्याच्या रस्त्यांवर धावल्या. मागं समोरासमोर बाकं, टपावर पोती. एसटी न पोचणाऱ्या गावांना तिनंच शहर दाखवलं.

जिप्सीचं मात्र वेगळं. मारुतीनं ती डिसेंबर 1985 मध्ये आणली. 970 सीसीचं हलकं पेट्रोल इंजिन, वजन कमी, आवाज जवळपास नाही. 1996 मध्ये 1.3 लिटरची 'किंग' आली. जंगलासाठी ती जणू बेतलेलीच होती. ताडोबा, पेंच, मेळघाट, तिन्हीकडे टप कापून मागं पायरीसारख्या चढत्या रांगांची आसनं केलेली जिप्सी दिसते. तीही 'बनवलेली' गाडी आहे, फक्त ती इतकी सवयीची झालीय की तसं कोणी म्हणत नाही. तिचं नागरी उत्पादन 2019च्या सुमारास थांबलं आणि जुन्या जिप्सीला एकदम मागणी आली.

लांबच्या प्रवासाचंही मूळ हौसेच्या आधीचं आहे. विदर्भातली माणसं पचमढीला महादेवाला जात आलीत, महाशिवरात्रीला चौरागडावर त्रिशूळ घेऊन आणि नागपंचमीच्या सुमारास नागद्वारला. वाट सावनेर, सौंसर, सिल्लेवानी घाट, छिंदवाडा, तामिया. आमच्या घरातली पहिली 'रोड ट्रिप' म्हणजे हीच जत्रा. नऊ माणसं, तांदळाचं पोतं, स्टो आणि वर ताडपत्री.

त्या प्रवासातलं एक दृश्य मला स्पष्ट आठवतं. सिल्लेवानी घाटात गाडी दोन-तीन आचके देऊन बसली. मोठ्या बाबांनी बॉनेट उघडलं, फिल्टरवरचा छोटा बोल्ट दहाच्या पान्यानं दोन आटे सैल केला आणि फीड पंपाची पट्टी अंगठ्यानं खालीवर करायला लागले. आधी नुसता फेस आला, साबणाच्या पाण्यासारखा. पट्टी चालूच. फेस विरळ झाला, बुडबुडे मोठे झाले, मग एकाएकी डिझेलची सरळ, स्वच्छ धार लागली. धार तुटू न देता त्यांनी बोल्ट आवळला, फडक्याला हात पुसला आणि म्हणाले, "मार सेल." वॉशर फाटून लाइनीत हवा धरली होती. त्यांनी तंबाखूच्या पुडीचा जाड कागद कातरून वॉशर केला आणि त्याच्यावर आम्ही पचमढी करून घरी आलो.

आता कायद्याकडे येतो, कारण बनवणाऱ्यांची पंचाईत इथं आहे. 1939च्या मोटार कायद्यात गाडीत बदल केला तर तो कळवून नोंद करून घेण्याची सोय होती. 1988च्या कायद्याचं कलम 52 सन 2000च्या दुरुस्तीनं बरंच कडक झालं. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की आरसीतला मूळ तपशील उत्पादकानं ठरवलेल्या रचनेपासून वेगळा होईल असा बदल करता येणार नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क 1 एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 वर गेलं. त्याआधी, जुलै 2021 मध्ये, पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचा नियम आला. त्यात नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. अट अशी, की गाडी मूळ रूपात हवी. शिवाय ती रोजच्या वापराला नाही, प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच रस्त्यावर आणायची. हे नियम ज्या खात्याचे, त्याचे मंत्री नागपूरचेच खासदार नितीन गडकरी.

सुरक्षिततेसाठी नियम हवेतच. वेल्ड केलेल्या बंपरांनी आणि चुकीच्या स्टेअरिंगनं माणसं मरतात. पण मूळ रूप जपलेली गाडी तेवढी वारसा आणि मिस्त्रीच्या हातानं जगवलेली गाडी म्हणजे नियमभंग, ही वाटणी मला अपुरी वाटते. मोठ्या बाबांच्या गाडीतल्या डिझेल इंजिनाची आरसीवर रीतसर नोंद आहे, तेव्हाच्या नियमानं करून घेतलेली. तरी व्हिंटेजसाठी ते अडसरच ठरणार.

मधल्या काळात हिशेबही उलटला. 2010 मध्ये पेट्रोलचे आणि ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचे भाव सरकारी बंधनातून सुटले, दोन्हींतलं अंतर घटलं. डिझेल चढवण्याचं मूळ कारणच उरलं नाही. आता काही मालक अडगळीतलं हरिकेन इंजिन शोधून परत बसवतात.

आमचं हरिकेन वाड्याच्या मागच्या पडवीत पोत्याखाली होतं, सदतीस वर्षं. गाडीला पन्नास पूर्ण झाली म्हणून दिवाळीनंतर ते बाहेर काढलं. दोन सिलिंडरांत पिस्टन गंजून अडकलेले. त्यात डिझेल ओतून आठ दिवस ठेवलं, मग लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकत सोडवले. लेथवाल्यानं बोअर मोजून सांगितलंय की एकदा मोठा करून घेतला तर चालेल. ब्लॉकवरचा नंबर घासलेट लावून पुसल्यावर आरसीच्या पहिल्या पानाशी जुळला. मोठी आई म्हणते, डिझेल उतरवायचं असेल तर त्याआधी तिला एकदा त्याच इंजिनावर महादेवाला नेऊन आणा. फेब्रुवारीत निघतोय. फिल्टरचे चार वॉशर मी जास्तीचे घेतलेत.