विद्यार्थ्याने अंगावर हात टाकला तर सर-मॅडमनी काय करायचं?

आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्या शिक्षकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "पोरगा १७ वर्षांचा आहे, मग तक्रार करताच येत नाही ना?" येते, फक्त रस्ता वेगळा आहे.

भारतीय न्याय संहितेत साध्या दुखापतीला कलम ११५, हाड वगैरे मोडलं तर ११७. जि.प., मनपा शाळेतले शिक्षक लोकसेवक, त्यामुळे ड्युटीवर मारलं तर १२१, १३२ पण येऊ शकतं, खाजगी संस्थेत ते एवढं सहज लागत नाही. पण मारणारा १८च्या आतला असला की बाल न्याय अधिनियम २०१५ लागतो, मग लॉकअप नाही, बेडी नाही, आणि बहुतेक वेळा एफआयआर पण नाही, पोलीस डायरीत नोंद घेतात आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. म्हणून "एफआयआर होणार नाही" ऐकलं की चिडून परत येऊ नका, डायरी नोंदीचा नंबर घ्या, बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत ते विचारा. सात वर्षांखालच्या पोराचा मात्र गुन्हाच धरत नाहीत.

खरा घोळ कागदात होतो. "विद्यार्थ्याने गैरवर्तन केले" एवढाच अर्ज काय कामाचा? दहावी ब, चौथा तास, कंपासचं टोक डाव्या दंडाला मारलं, समोर कोण होतं, असं लिहा. त्याच दिवशी मुख्याध्यापकांना द्या, आवक नंबर (अर्ज मिळाल्याच्या नोंदीचा) घ्या, सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा असंही त्यातच लिहा कारण ते काही दिवसांत पुसलं जातं. सरकारी दवाखान्यात लाजून "पडले" सांगू नका हो, केसपेपरवर तेच येतं आणि पुढे तेच आडवं येतं.

मारणाऱ्या पोराचा हात धरणं, ढकलून बाजूला होणं हा स्वसंरक्षणाचा हक्क आहे (न्याय संहिता कलम ३४ पासून पुढे). तो थांबल्यावर कानाखाली वाजवली तर प्रकरण तुमच्यावरच उलटतं, ६ ते १४ वयाच्या मुलाला तर आरटीई (शिक्षण हक्क कायदा) कलम १७ प्रमाणे मारायला बंदीच आहे. आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही, तुकडी बदला, पालकांना लेखी बोलवा अशी मागणी करा. आणि व्हिडिओ स्टाफ ग्रुपवर अजिबात टाकू नका, मुलाची ओळख उघड केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आम्ही वकील नाही, अर्ज करून देतो. वकील लागला तर महिला शिक्षकांना विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, पगार कितीही असो, फोन १५१००. आमच्याकडे येताना केसपेपर आणि आवक नंबरची झेरॉक्स आणा.