चेनसॉची ताकद वाढवून घेण्याआधी

"भाऊ, मशीनमा दमच नही राह्यना." साक्री, शिरपूर, पारोळ्याकडून येणारे बहुतेक ग्राहक काउंटरवर चेनसॉ ठेवतात आणि पहिलं वाक्य हेच बोलतात. दुसरं वाक्यही ठरलेलं असतं: सायलेन्सर मोकळा करा, नाहीतर मोठा ब्लॉक (सिलिंडर) टाका. या दोन वाक्यांच्या मध्ये आम्हाला बरंच सांगायचं असतं, पण सीझनच्या गर्दीत ते राहून जातं. म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा, मग ठरवा.

आधी चेन बघा

दम गेला म्हणून आलेल्या कितीतरी मशिनींचं इंजिन ठणठणीत असतं. चेन हातात घेतली की कळतं, दात बोथट आहेत, एका बाजूचे लांब आणि दुसऱ्या बाजूचे आखूड. धारदार चेन लाकडाचा कीस काढते, बोथट चेन पीठ पाडते. बाभूळ कापताना मशिनीखाली पीठ साचत असेल आणि तुम्हाला वरून दाबावं लागत असेल, तर धार गेली आहे. बांधावरचं झाड बुंध्याशी कापताना चेन एकदा काळ्या मातीत गेली, की पुढचा सगळा दिवस ती लाकूड घासत बसते.

कानस चेनच्या मापाची (पिच, इंचांत) हवी: ३/८ लो प्रोफाइलला ४ मिमी, ०.३२५ ला ४.८ मिमी, मोठ्या ३/८ ला ५.२ मिमी. दाताच्या पुढचा जो छोटा उंचवटा असतो, तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली राहिला पाहिजे. तो जास्त घासला तर चेन लाकडाला हिसका देऊन पकडते, आणि बारचं (चेन ज्या पट्टीवर फिरते तिचं) टोक उसळून अंगावर येऊ शकतं. दुसरी गोष्ट बारची. नऊ-दहा इंचांची खोडं कापायला २२ इंची बार लावून फिरणारे खूप जण आहेत. १८ इंची लावा. वजन कमी होतं, चेन छोटी होते, तेल कमी लागतं आणि तेच इंजिन मोकळं पळतं. यात मशीन उघडावी लागत नाही.

वजनाचा हिशेब

वजन नेहमी भरलेल्या मशिनीचं धरा. बार-चेनशिवाय साडेपाच किलोची मशीन असेल, तर त्यात बार-चेनचे एक-सव्वा किलो, अर्ध्या लिटरच्या वर मावणाऱ्या पेट्रोलचे जवळपास ४०० ग्रॅम आणि चेन ऑइलचे २०० ग्रॅमच्या वर मिळवा. सात किलोच्या पुढे गेलात. झाड जमिनीवर पडलेलं असेल तर हे वजन चालतं, उलट कापताना मदतच करतं. झाडावर चढून फांद्या उतरवायच्या असतील तर याच वजनाने दुपारपर्यंत मनगट गळतं, आणि गळलेल्या हातात चालू चेन असते.

मोठी मशीन घेणं आणि छोटीची ताकद वाढवणं, यातला फरक कारखान्याच्या आकड्यांवरूनच दिसतो. स्टिल एमएस २५० चं इंजिन ४५.४ सीसी, ताकद २.३ किलोवॅट, वजन ४.६ किलो. एमएस ३६१ चं ५९ सीसी, ३.४ किलोवॅट, ५.६ किलो. म्हणजे एक किलो वजन वाढलं आणि ताकद जवळपास दीडपट झाली. पुढे एमएस ६६१ मध्ये ९१.१ सीसी, ५.४ किलोवॅट आणि ७.४ किलो. छोट्या मशिनीवर कितीही काम केलं तरी ती वरच्या वर्गात जात नाही, कारण तिचा क्रँक, बेअरिंग, क्लच आणि थंड करणारे पंखे छोट्या ताकदीच्या मापाने केलेले असतात. तुमचं रोजचं काम चिंचेच्या आणि आंब्याच्या जाड बुंध्यांचं असेल, तर मॉडिफिकेशनचे पैसे आम्हाला न देता त्यात भर घालून वरची मशीन घ्या. हे आम्ही मनापासून सांगतो.

५२ आणि ५८ चा घोळ

स्वस्त मशिनींना मिळणाऱ्या ब्लॉक-पिस्टन किटवर ५२ सीसीला बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ४५ मिमी आणि ५८ सीसीला ४५.२ मिमी असतो. क्रँक दोन्हींना एकच बसतो, म्हणजे स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली होण्याचा पल्ला) तोच. गणित करून बघा, फरक एक टक्क्याच्याही आत येतो. अर्धा सीसीसुद्धा नाही. "५२ ची ५८ करून द्या" म्हणून कुणी आलं तर आम्ही व्हर्नियर कॅलिपर लावून दाखवतो आणि किट परत कपाटात ठेवतो. जुना ब्लॉक झिजला असेल तर बदलणं वेगळं, त्याने कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) परत येतं आणि मशीन नव्यासारखी वाटते. ती ताकद मोठ्या ब्लॉकची नसते, न झिजलेल्या ब्लॉकची असते.

सायलेन्सर, गास्केट, पोर्ट

सायलेन्सरचं तोंड मोठं केलं की जळालेला वायू लवकर बाहेर पडतो, इंजिन वरच्या आरपीएमला (मिनिटाच्या फेऱ्यांना) मोकळं होतं. तीन कामांत हे सगळ्यात स्वस्त आणि परत फिरवता येणारं, म्हणून मागणी याचीच. पण आवाज जितका वाढतो तितकी ताकद वाढत नाही, कान फसतो. आम्ही तोंडाचं क्षेत्रफळ एक्झॉस्ट पोर्टच्या (ब्लॉकमधून जळालेला वायू जिथून बाहेर पडतो त्या तोंडाच्या) ८० टक्क्यांपुढे नेत नाही आणि ठिणगी अडवणारी जाळी काढत नाही. फेब्रुवारीपासून सातपुड्यातलं गवत आणि पाचोळा कसा वाळलेला असतो हे आपल्याला वेगळं सांगायला नको. एका ठिणगीने अख्खा उतार जाऊ शकतो. जाळी काजळीने भरली असेल तर ती साफ करून परत बसवतो.

ब्लॉकखालचं गास्केट काढलं की ब्लॉक खाली बसतो, कॉम्प्रेशन वाढतं आणि कापताना जोर जाणवतो. इथे एक माप जपावं लागतं. पिस्टन वर आला की त्याच्या डोक्याच्या आणि ब्लॉकच्या मधल्या फटीला स्क्विश म्हणतात. स्पार्क प्लगच्या भोकातून सोल्डरची तार आत घालायची, दोरी हळूच ओढून पिस्टन वर न्यायचा, आणि चेपलेल्या टोकाची जाडी मोजायची. ०.५ मिमीच्या खाली आम्ही जात नाही, कारण गरम झालेला धातू ताणतो आणि बेअरिंगमध्येही थोडी ढिलाई येतेच. पिस्टन वर आदळला तर सगळं गेलं. कॉम्प्रेशन वाढलं की दोरीही जड लागते, हेही लक्षात ठेवा.

पोर्टिंगबद्दल, म्हणजे ब्लॉकमधले पोर्ट घासून मोठे करण्याबद्दल, आमचं मत थोडं कडक आहे. एक्झॉस्ट पोर्ट वर उचलला की ताकद वरच्या आरपीएमकडे सरकते आणि खालचा जोर कमी होतो. आपल्याकडे बाभूळ आणि अंजन कापायचं असतं. अंजनासारख्या जड, कठीण लाकडात इंजिन खाली दबतं, आणि पोर्ट उचललेली मशीन नेमकी तिथेच गुदमरते. पोर्ट रुंद करायलाही मर्यादा आहे: बोअरच्या ६५ ते ७० टक्क्यांपुढे गेलं की रिंग पोर्टमध्ये फुगते, कडेला अडकते आणि तुटते. सिलिंडरच्या आत जो कठीण थर असतो, तो ग्राइंडर चुकून लागला तर पोर्टच्या काठापासून सुटायला लागतो. असा ब्लॉक घासून दुरुस्त होत नाही. शर्यतीसाठी मशीन हवी असेल तर बोला, शेतासाठी आम्ही पोर्टिंग करत नाही.

आरपीएम वाढवण्याच्या नादात एक गोष्ट विसरली जाते. वेग १० टक्के वाढला की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा झटका २१ टक्के वाढतो. बेअरिंगचं आयुष्य तिथेच खर्च होतं.

मेमध्ये लावलेला स्क्रू, डिसेंबरमधलं जाम झालेलं पिस्टन

ही माझ्या स्वतःच्या मशिनीची गोष्ट आहे. मे महिन्यात, पारा ४४ ला असताना, सायलेन्सर मोकळा केला आणि कार्बोरेटरचा एच स्क्रू (पूर्ण रेसला पेट्रोल किती जावं ते ठरवणारा) कानाने लावला. मशीन सुरेख चालली. डिसेंबरमध्ये पांझरेच्या काठी सकाळी सातला बाभूळ कापायला घेतली. हवा दहा अंशांची. तिसऱ्या कापात आवाज बारीक आणि चढा झाला. मला वाटलं, आज काय पळतेय! दुसऱ्याच क्षणी ती जागेवर थांबली. दोरी ओढली तर हलेना.

सायलेन्सर काढून पोर्टमधून टॉर्च मारला. पिस्टनवर उभ्या रेघा, नखाला लागतील इतक्या खोल, आणि त्या फक्त एक्झॉस्टच्या बाजूला. इनटेकची बाजू गुळगुळीत. तेल कमी पडलं असतं तर चारी बाजूंना रेघा दिसल्या असत्या. कमी पडलं होतं पेट्रोल. ४४ अंशांच्या हवेपेक्षा १० अंशांची हवा सुमारे १२ टक्के दाट असते. हवा जास्त गेली, स्क्रू तिथेच राहिला, मिश्रण लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) झालं आणि आतलं तापमान चढलं. कारखान्यातून आलेल्या मशिनीत थोडी सवलत ठेवलेली असते. मी ती मेमध्येच खाऊन टाकली होती.

तेव्हापासून आम्ही सेटिंग थोडं रिच (पेट्रोल जरा जास्त) ठेवतो. हवेत पूर्ण रेस दिली की आवाज जरा फडफडता आला पाहिजे, आणि बार लाकडात टेकताच तो साफ झाला पाहिजे. हवेतच आवाज सणसणीत येत असेल तर मशीन बंद करा आणि आमच्याकडे आणा.

पेट्रोलमुळे यात आणखी एक भर पडली आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळे तेवढ्याच हवेला सात-आठ टक्के जास्त इंधन लागतं. जुन्या पेट्रोलवर सेट केलेली मशीन आज आपोआप लीन चालते, मॉडिफाय केलेली असो वा नसो. शिवाय इथेनॉल ओलावा ओढतं. पावसाळ्यात महिनाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल-तेलाचं मिश्रण वापरू नका. मशीन ठेवायची असेल तर टाकी रिकामी करून ती बंद पडेपर्यंत चालवा. मॉडिफाय केलेल्या मशिनीला आम्ही लिटरभर पेट्रोलला २५ मिली तेल सांगतो, जासो एफडी (टू-स्ट्रोक तेलाचा जपानी दर्जा) लिहिलेलं. अंदाजाने झाकण भरून ओतू नका, मापाची बाटली आम्ही सोबत देतो.

हे आम्ही करणार नाही

चेन ब्रेकचा दांडा काढणार नाही. वजन कमी करायला फ्लायव्हील घासणार नाही, कारण त्याच्याच पंखांनी ब्लॉक थंड होतो आणि फुटलं तर तुकडे गोळीसारखे सुटतात. एअर फिल्टर काढून "मोकळा श्वास" देणार नाही; आपल्या धुळीत रिंगा बघता बघता झिजतील. ७ दातांच्या जागी ८ दातांचं स्प्रॉकेट (चेन ओढणारं दातेरी चाक) बसवतो, पण फक्त मऊ लाकूड कापणाऱ्यांना. चेनचा वेग १४ टक्के वाढतो आणि ओढ साडेबारा टक्के कमी होते. वॉरंटीतली मशीन उघडली की वॉरंटी गेली, हे कामाआधी सांगून तुमची सही घेतो.

येताना काय आणाल

मशीन बार-चेनसकट आणा. रोज वापरता तेच मिश्रण, त्याच कॅनमध्ये, सोबत आणा. निम्मी उत्तरं त्या कॅनमध्ये मिळतात. जुना प्लग फेकला नसेल तर तोही खिशात टाका. कोणतं लाकूड, किती जाडीचं, दिवसाला किती टाक्या, आणि मशीन कोण चालवतं हे सांगा. चालवणारा मजूर असेल तर शक्य झाल्यास त्यालाच पाठवा, दोरी त्याच्या हाताला जड होणार आहे आणि आवाज त्याच्या कानांवर पडणार आहे. कानाला लावायचे प्लग आम्ही प्रत्येक कामासोबत देतो.

काम झाल्यावर पहिल्या दोन टाक्या पूर्ण रेस देऊन सलग कापू नका. तिसऱ्या टाकीनंतर प्लग काढून दाखवायला या: टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक, पांढरं असेल तर लगेच स्क्रू लावतो. दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की पुन्हा एकदा या. ते सेटिंग फुकट आहे.