इम्पॅक्ट म्हणजे थोराड झालेला आउटकम नव्हे

सामाजिक कार्यक्रमांच्या मूल्यमापनातल्या आउटपुट आणि आउटकम या शब्दांवर फार वेळ घालवत नाही. वाटलेली पुस्तकं हे आउटपुट, मुलं वाचायला लागली हा आउटकम. निधीसाठी प्रपोजल लिहिणाऱ्या प्रत्येकाला एवढं पाठ असतं. (तरीही अहवालात ‘दहा हजार आयुष्यं बदलली’ असं छापून येतं, तेव्हा त्या बहुतेक वेळा हजेरीपटावरच्या सह्या असतात. असो.)

खरा घोळ पुढच्या पायरीवर होतो. लॉगफ्रेममध्ये, म्हणजे कार्यक्रमाची उद्दिष्टं पायरीपायरीने मांडणाऱ्या तक्त्यात, इम्पॅक्ट सगळ्यात वरच्या चौकटीत बसतो. त्यामुळे अनेकांना वाटतं की आउटकम जरा मोठा झाला, चार-पाच वर्षं टिकला की त्याचाच इम्पॅक्ट होतो. या समजाला आधार आहे. ओईसीडी (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना) या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २००२ च्या परिभाषेत इम्पॅक्ट म्हणजे दीर्घकालीन परिणाम. चांगले-वाईट, ठरवलेले आणि न ठरवलेले, सगळे. त्या अर्थाने शब्द वापरायला माझी हरकत नाही. पण मूल्यमापन करणारा ‘इम्पॅक्ट मोजला का?’ असं विचारतो तेव्हा त्याला काळाशी देणंघेणं नसतं. तो विचारतो: तुम्ही नसता तर काय झालं असतं?

समजा, वाचनात सर्वांत कच्ची शंभर मुलं निवडली आणि वर्षाने त्यांतली ६० उतारा वाचू लागली. आउटकम ६०. पण वर्षभरात मुलं मोठी झाली, शाळेतही शिकली. शिवाय निवडचाचणीच्या दिवशी ज्यांचा पेपर नेमका बिघडला होता, तीही या शंभरात आली. ती पुढच्या वेळी आपोआप वर सरकणारच. तशाच शंभर मुलांच्या दुसऱ्या गटात कार्यक्रमाशिवाय ४५ वाचू लागली असतील, तर तुमचा इम्पॅक्ट १५. एंडलाइनमधून (शेवटच्या मोजणीतून) बेसलाइन (सुरुवातीची मोजणी) वजा करून हा आकडा मिळत नाही. उलटंही घडतं: दुष्काळात तुमच्या गावांचं उत्पन्न घटलं, पण शेजारच्या तशाच गावांचं त्याहून जास्त घटलं, तर आउटकम वाईट आणि इम्पॅक्ट चांगला. असा कार्यक्रम बंद करणारा फंडर स्वतःचंच नुकसान करतो.

सूक्ष्मकर्जाचं उदाहरण घ्या. कर्ज घेतलेल्या बाईचा धंदा वाढला, ही गोष्ट खरी असू शकते. पण हैदराबादमध्ये १०४ वस्त्यांपैकी ५२ यादृच्छिक पद्धतीने निवडून तिथे कर्जसंस्थेच्या शाखा उघडल्या, तेव्हा दीड वर्षाच्या आत झालेल्या पाहणीत कुटुंबांच्या सरासरी मासिक खर्चात फरक सापडला नाही. टिकाऊ वस्तूंची खरेदी मात्र वाढली होती. यशोगाथांच्या ढिगातून हे कधीच कळलं नसतं.

मग प्रत्येकाने तुलना गट उभा करावा का? मुळीच नको. लहान अनुदानावर इम्पॅक्ट मोजण्याची सक्ती करणारे फंडर मला खोटं बोलायला लावणारेच वाटतात. तिथे आउटपुट नीट मोजा, आउटकमवर नजर ठेवा, आणि हाच उपाय इतरत्र तपासला गेला असेल तर ते पुरावे वाचा. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील, तेव्हा मात्र चिठ्ठ्या टाका. उरलेले अर्जदार हाच तुलना गट. तो आयता मिळतो, आणि वशिल्याची कटकटही टळते.

आणि फॉर्ममधला तो ‘इम्पॅक्टेड लाभार्थी’ नावाचा रकाना. हल्ली मी तिथे आकडा भरतो आणि पुढे कंसात लिहितो: सहभागी.