जस्ताची कोठी, वैशाखाचे ऊन आणि वांग्याची मुळे

विदर्भातल्या खेड्यात घरामागच्या वाडीत जस्ती पत्र्याची एखादी तरी वस्तू टाकून दिलेली सापडतेच. बूड गळणारी बादली असते, नाहीतर धान्याची जुनी कोठी, नाहीतर कधीकाळी पाणी तापवायचे टिपाड. धान्य आता प्लास्टिकच्या ड्रममध्ये गेले, म्हणून ही भांडी सांभार (कोथिंबीर), पालक, वांगी लावायला मोकळी झाली. मग कोणीतरी विचारतेच, की हे जस्त भाजीत उतरणार नाही का? प्रश्न रास्त आहे. पण माझे मत विचाराल तर आपल्याकडे अशा कुंडीतले झाड जस्ताने क्वचित मरते. ते मरते उन्हाने. आणि दोन्हींवर उपाय एकच आहे, तो म्हणजे भांडे मोठे घेणे.

आधी जस्ताचे पाहू. लोखंडी पत्रा साधारण 450 अंश सेल्सियसच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढला की त्यावर जस्ताचा थर बसतो. चांगल्या प्रतीच्या पत्र्यावर दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 275 ग्रॅम जस्त असते, म्हणजे एका बाजूला जेमतेम 20 मायक्रॉन. एवढासा थर वर्षानुवर्षे टिकतो, कारण हवेतला ऑक्सिजन, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग होऊन त्यावर जस्ताच्या कार्बोनेटचे राखाडी कवच तयार होते. नवी बादली काही महिन्यांत निस्तेज होते ती यामुळेच. कुठे ओरखडा पडून लोखंड उघडे झाले, तरी जस्त लोखंडापेक्षा अधिक सहज इलेक्ट्रॉन देते आणि लोखंडाऐवजी स्वतः झिजते. कुंडीला भोके पाडल्यावर त्यांच्या कडा लगेच तांबड्या होत नाहीत, त्याचेही कारण हेच.

हे झिजलेले जस्त जाते कुठे? अर्थातच मातीत. किती, याचा हिशेब अवघड नाही. दोन फूट व्यासाची कोठी दीड फूट उंचीवर कापली, तर आतल्या बाजूवर अंदाजे 155 ग्रॅम जस्त असते आणि तिच्यात 130 किलोच्या आसपास माती मावते. सगळेच्या सगळे जस्त मातीत उतरले, तर किलोमागे जवळपास 1200 मिलिग्रॅम भरेल. पंधरा लिटरच्या बादलीचा असाच हिशेब मांडला तर आकडा दुपटीच्या घरात जातो, कारण लहान भांड्यात मातीच्या मानाने पत्रा जास्त असतो. साध्या शेतजमिनीत एकूण जस्त किलोमागे 50 ते 100 मिलिग्रॅमच्या आसपास असते, तेव्हा हा आकडा दचकवणारा आहे. मात्र एवढे जस्त एका पावसाळ्यात उतरत नाही, त्याला वर्षे लागतात. शिवाय मातीत जस्त असणे वेगळे आणि मुळांना ते मिळणे वेगळे.

आपली काळी माती बेसाल्टच्या खडकातून झालेली, चुनखडीयुक्त आणि विम्लधर्मी. तिचा सामू (pH) बहुतेक ठिकाणी साडेसात ते साडेआठ. अशा मातीत जस्त चुन्याला आणि चिकणमातीच्या कणांना धरून बसते, पाण्यात फारसे येत नाही. म्हणून तर एकूण जस्त भरपूर असूनही माती परीक्षणात ‘उपलब्ध जस्त’ किलोमागे 0.6 मिलिग्रॅमच्या खाली निघते आणि शेतकऱ्याला झिंक सल्फेटची पोती आणावी लागतात. संत्र्याच्या बागांत पाने बारीक राहतात, शिरांमध्ये पिवळी पडतात, ती बहुधा याच उपासमारीने. कोठीभोवती जस्ताची धास्ती आणि बांधापलीकडे जस्ताची खरेदी, असा हा गमतीचा प्रकार आहे.

धानपट्ट्यात मात्र जरा जपावे. भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडच्या काही हलक्या जमिनी किंचित आम्लधर्मी असतात, आणि आम्लात जस्त चांगलेच विरघळते. तिथे सिहार मातीने, म्हणजे अशा हलक्या मातीने, बादली भरायची असेल तर तिच्यात मूठभर चुनखडीची भुकटी मिसळलेली बरी. जस्त जास्त झाले तर ते मुळांना लोह नीट घेऊ देत नाही. मग कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि झाड खुरटते. पालक आणि बीट या कुळाला हा त्रास लवकर होतो.

खाणाऱ्याचे काय? इथे निसर्गाने एक बरी सोय केली आहे. माणसाला बाधेल इतके जस्त पानात साठण्याआधी झाडच आजारी पडते. खुरटलेल्या पालकात सुक्या वजनाच्या किलोमागे 350 मिलिग्रॅम जस्त धरले, तरी शंभर ग्रॅम ओल्या भाजीतून पोटात तीन-चार मिलिग्रॅम जाते. प्रौढ माणसाची रोजची गरजच 10 ते 17 मिलिग्रॅमची आहे. खरा धोका कुंडीत नसून स्वयंपाकघरात आहे. जस्ती भांड्यात ताक, चिंचेचे पाणी किंवा लोणचे ठेवले तर आम्लाने जस्त थेट अन्नात उतरते आणि उलट्या होतात.

शिसे आणि कॅडमियम यांना मात्र ही सवलत देऊ नये. पूर्वी वापरले जाणारे जस्त फारसे शुद्ध नसे. त्यात एक टक्क्यापर्यंत शिसे आणि थोडे कॅडमियमही असू शके, आणि कॅडमियम तर झाडाला न दुखवता पानात साठते. आजोबांच्या काळातली बादली असेल तर तिच्यात झेंडू किंवा शेवंती लावावी. डब्यात पूर्वी काय होते, हे विचारणे तर त्याहून महत्त्वाचे. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते विदर्भ विसरलेला नाही. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी भाजीसाठी वापरू नये.

भांडे लवकर संपवणाऱ्या गोष्टी आणखी दोन. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या खारपाणपट्ट्यात बोअरच्या पाण्यातले क्लोराइड ते राखाडी कवच फोडते, म्हणून तिथे शक्यतो पावसाचे साठवलेले पाणी द्यावे. दुसरी गोष्ट म्हणजे ताजे गोमूत्र. त्यातल्या युरियापासून अमोनिया तयार होतो आणि तो जस्ताला विरघळवून घेतो. जीवामृत मुरवायला प्लास्टिकचाच ड्रम बरा.

आता उन्हाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोल्याला पारा 45 अंशांपुढे जातो. बहुतेक भाज्यांच्या मुळांना 20 ते 30 अंश मानवतात, 40 च्या पुढे ती जळू लागतात. काळ्या कुंड्यांत उन्हाच्या बाजूची माती 50 अंशांपुढे गेल्याच्या नोंदी रोपवाटिकांच्या अभ्यासांत आहेत. चकचकीत पत्रा ऊन परतवतो, म्हणून तो थंड राहत असेल, असे वाटते. हात लावून पाहा. पत्रा सगळे ऊन परतवत नाही, आणि जे शोषतो ते अवरक्त किरणांच्या रूपात बाहेर टाकण्यात धातूचा पृष्ठभाग फार कंजूष असतो. भांड्याला बाहेरून लावलेला पांढरा चुना ऊनही परतवतो आणि आतली उष्णताही सढळ हाताने फेकतो. त्यात मातीच्या कुंडीतून पाणी झिरपून उडते, एक लिटर उडताना सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. पत्र्यातून थेंबही झिरपत नाही.

ऊन नेमके कुठून लागते तेही पाहण्यासारखे आहे. नागपुरात 26 मेच्या आसपास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस तो. त्या वेळी कुंडीच्या उभ्या भिंतीवर ऊन जवळजवळ पडतच नाही. भिंत भाजते ती सकाळी आठ-नऊला आणि दुपारी तीन ते पाचला. सकाळची हवा निदान निवलेली असते, दुपारी मात्र हवाही तापलेली आणि ऊनही आडवे. म्हणून नुसती वरून हिरवी जाळी ताणून भागत नाही. पश्चिमेला तुराट्यांचा किंवा पऱ्हाटीचा कूड उभा करावा, तो जाळीपेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि फुकटही असतो.

दिवसभराचे ऊन ओल्या मातीत साधारण चार-पाच इंच आत पोहोचते, पुढे त्याचा जोर ओसरतो. बादलीचा मध्य कडेपासून पाच-सहा इंचांवर, म्हणजे बादली ही सगळी कडच झाली. दोन फुटी कोठीत मुळांना माघार घ्यायला गाभा उरतो. त्यामुळे बादल्यांत सांभार-मेथी हिवाळ्यात घ्यावी, तेव्हा तापणारी भिंत उलट फायद्याची ठरते. वांगी आणि मिरची उन्हाळाभर जगवायची असेल तर कोठीच हवी.

भोवती ओले बारदान गुंडाळण्याची युक्ती इथे फार चांगली चालते, कारण वैशाखातली आपली हवा इतकी कोरडी असते की पाणी झपाट्याने उडते. घरातला कूलर याच जोरावर चालतो. फक्त बारदान पत्र्याला चिकटू देऊ नये. हवा न लागता ओल धरून राहिली की जस्तावर पांढरा गंज चढतो. मधे चार काड्या उभ्या कराव्यात. रंग द्यायचा तर साधा ऑइल पेंट टाळावा. जस्ताशी त्यातल्या तेलाचा संयोग होऊन साबणासारखा थर तयार होतो आणि रंग पापुद्रे होऊन निघतो. चुना दरवर्षी लावावा लागतो, पण तो बरा.

भोके पाडताना खिळा आतून बाहेर ठोकावा, म्हणजे कड बाहेर वळते आणि पाणी अडत नाही. तळाला गिट्टीचा थर देण्याची पद्धत मला पटत नाही. बारीक मातीतले पाणी ती पुरती भिजल्याशिवाय जाड गिट्टीत उतरत नाही, उलट ओल मुळांच्या जवळ अडून राहते. नुसती कन्हार, म्हणजे भारी काळी माती, भरली तर ती भिजून फुगते आणि वाळून भेगाळते, म्हणून तिच्यात निम्म्याहून अधिक रेती, कुजलेले शेणखत आणि कुटार (पिकाचा भुसा) मिसळावे. कोठी कापायला वेल्डिंगवाल्याकडे नेली तर धुरापासून लांब राहावे. जस्त 907 अंशांना उकळते, त्याचा पांढरा धूर छातीत गेला तर रात्री थंडी-ताप भरतो.

शेवटी जस्त संपते आणि पत्रा तांबडा पडतो. हा गंज झाडाला अपाय करत नाही. त्याने पिवळ्या पानांना लोह मिळेल असेही समजू नये, कारण आठ सामूच्या मातीत ते विरघळतच नाही. बूड पार चाळण झाले की कोठी विटांवरून उतरवून सरळ जमिनीवर ठेवावी. वांग्याची मुळे खालच्या जमिनीत शिरतात आणि मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी घालण्याची धावपळ उरत नाही.