बेचाळीस अंशांच्या खोलीतला प्रोसेसर

नागपुरातल्या सीताबर्डीच्या संगणक बाजारात प्रोसेसर, म्हणजे संगणकातली सगळी आकडेमोड करणारी चिप, इंटेल कंपनीचा घ्यावा की एएमडीचा, हे ठरवायला आलेल्या तरुणाच्या मोबाइलवर बहुधा एखाद्या परीक्षणातला वेगाचा आलेख उघडलेला असतो आणि त्यातली चार-पाच टक्क्यांनी लांब असलेली पट्टी पाहून त्याचे मत बनलेले असते. हे आलेख खोटे नसतात. मात्र ते बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या वातानुकूलित खोलीत तयार होतात आणि नागपुरात मे महिन्याच्या दुपारी घरातला तापमापकही ४२ अंश दाखवू शकतो. या वीस अंशांची किंमत शाळेतल्या गणिताने काढता येते.

प्रोसेसरला मिळालेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णता बनते आणि ती उष्णता प्रोसेसर व खोलीतील हवा यांच्या तापमानातील फरकामुळेच बाहेर वाहते. समजा, हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता ओढून हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) आणि पंखा असे आहेत की दर वॉटमागे प्रोसेसर खोलीपेक्षा ०.३ अंशाने अधिक तापतो. इंटेलचा कोअर आय९-१२९००के पूर्ण भारावर २४१ वॉटपर्यंत वीज घेतो, म्हणजे तो खोलीपेक्षा सुमारे ७२ अंशांनी गरम होईल. खोली २२ अंशांची असेल तर तापमान ९४ अंश होते आणि ते त्याच्या १०० अंशांच्या तापमानमर्यादेत बसते. खोली ४२ अंशांची असेल तर हिशेब ११४ वर जातो. प्रत्यक्षात तिथवर पोहोचण्याआधीच प्रोसेसर आपली वीज १९३ वॉटच्या आसपास उतरवतो.

वीज वीस टक्के कमी झाली म्हणून वेग वीस टक्के घटत नाही, आणि या विषयातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे. प्रोसेसरमधल्या ट्रान्झिस्टर नावाच्या सूक्ष्म स्विचांच्या उघडझापीला लागणारी शक्ती, म्हणजे वॉटमध्ये मोजलेली वीज, वारंवारता आणि विद्युतदाबाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते; वारंवारता म्हणजे उघडझापीचा ठेका सेकंदाला किती वेळा पडतो तो आकडा, आणि प्रोसेसरचा वेग त्यावरच ठरतो. वारंवारता उतरवली की विद्युतदाबही उतरवता येतो, त्यामुळे शक्ती ढोबळमानाने वारंवारतेच्या घनाच्या प्रमाणात बदलते. ०.८ चे घनमूळ सुमारे ०.९३ आहे, म्हणजे वेगात घट सात टक्क्यांची. आलेखातल्या ज्या चार-पाच टक्क्यांवर वाद घातला जातो, त्यांच्यापेक्षा ही घट मोठी आहे.

यावरून एएमडी आपोआप जिंकते असेही नाही. तिच्या रायझेन ७ ५८००एक्स या प्रोसेसरची विजेची मर्यादा १४२ वॉट आहे, पण त्याचे आठही कोअर, म्हणजे स्वतंत्रपणे आकडेमोड करणारे भाग, सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यात दाटलेले आहेत आणि त्याची तापमानमर्यादा ९० अंश आहे. इतक्या लहान क्षेत्रातून उष्णता काढणे अवघड असल्याने त्याच हीटसिंकखाली त्याचा दर वॉटमागचा आकडा ०.३ पेक्षा जास्त निघतो.

जाहिरातींतील दोन समजुतींपासून मात्र सावध राहावे. आय९-१२९००केच्या खोक्यावरचा ५.२ गिगाहर्ट्झ हा वारंवारतेचा आकडा एक-दोन कोअरच्या कमाल वेगाचा असतो, सर्व कोअर एकाच वेळी राबत असतानाचा नव्हे. आणि पाण्याने थंड करणारी महागडी यंत्रणाही प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, कारण ते पाणी त्याच हवेने थंड होत असते.

खोलीच थंड करणे हा उपाय आपल्याकडे स्वस्त आहे. नागपूरचा उन्हाळा कोरडा असल्याने ओल्या ताट्यांचा साधा कूलर, खिडकी उघडी ठेवली तर, खोलीचे तापमान दहा अंशांनी सहज उतरवतो. खोली ३२ अंशांवर आली की वरच्याच हिशेबाने प्रोसेसरला सुमारे २२७ वॉट पेलतात आणि वेगातली घट सात टक्क्यांवरून दोनवर येते.